डागाखालची गाठ

मनुबाई मिठाची पाटी डोक्यावर घेऊन चालायची ती डावीकडे कलून. मिठागरावरच्या बाकीच्या बाया सुपारीच्या झाडासारख्या सरळ चालत आणि ही त्यांच्यामध्ये वाऱ्याने वाकलेल्या खांबागत दिसे. नवा मुकादम आला की त्याला वाटे, बाई कामचुकार आहे, अर्धीच पाटी घेते. मग जुन्या बाया त्याला सांगत की पाटी शीगभर आहे, पण बाईच्या पोटाला गाठ आहे, ती उजवीकडे ओढते म्हणून बाई डावीकडे कलते. मुकादम मान हलवी आणि पुढच्या कोंडीकडे, मिठाच्या वाफ्याकडे, बघायला लागे. पोटाच्या गाठीवर मुकादमाने काय बोलायचं?

गाव उरणच्या बाजूचं, खाडीच्या काठाला. पुढे खाजणाची खारी दलदल, मागे भाताची खाचरं आणि मधे मिठाच्या कोंड्या. पावसाळ्यात भात लावायचं, दिवाळी झाली की कोंड्यांचे तळ तुडवून घट्ट करायचे, खाडीचं पाणी आत घ्यायचं आणि उन्हाने मीठ धरलं की मृगापर्यंत ओढत, वाहत राहायचं. मनुबाईचा जन्म यातच गेला. माहेर पलीकडच्या तीरावर होतं, तिथेही हेच. लग्न होऊन ती या मिठातून त्या मिठात आली एवढंच.

तिच्या माहेरच्या घराला लोक टेंगळ्यांचं घर म्हणत. घरातल्या बहुतेकांच्या कपाळाला नाहीतर जबड्याला एखादं टेंगूळ असायचंच. मऊ नाही, हाडासारखं टणक. कुणाला बोराएवढं, कुणाला सुपारीएवढं. मुलगी बघायला आलेले लोक आधी कपाळ बघत आणि हसत म्हणत, घरचीच दिसते, बदललेली नाही. मनुबाईच्या भुवईवर दोन होती. धाकटा भाऊ सदू याचं कपाळ मात्र परातीसारखं सपाट, त्यामुळे त्याला लहानपणी सगळे चिडवायचे की तुला कोळणीच्या टोपलीतून आणला. सदू त्यावरून रडायचा. कपाळाला खडा बांधून झोपला तर टेंगूळ येईल म्हणून त्याने तेही करून पाहिलं होतं.

टेंगळांची थट्टा व्हायची, पण त्या घरात दुसरंही एक होतं आणि त्याची थट्टा कुणी करत नसे. चाळिशीच्या आसपास माणसाला परसाकडे रक्त पडायला लागायचं, पोट दुखायचं, आणि वर्षा-दीडवर्षात माणूस वाळून जायचा. मनुबाईचा बाप येसाजी तसा गेला. आत्या गेली. थोरला भाऊ धर्माजी तर चाळिशीलाही पोचला नाही. सगळे म्हणत, मिठाची उष्णता आहे. भेगाळलेल्या टाचांतून मीठ अंगात शिरतं, ते पोटात जाऊन बसतं आणि आतडं खातं. बाकीच्या घरांतली माणसं त्याच मिठात राबून म्हातारी होत होती, हे कुणाच्या ध्यानात येत नव्हतं. आलं तरी बोलत नव्हते.

आणि उष्णतेवर उपाय उष्णतेचाच. मनुबाईचा मामा भागोजी डाग द्यायचा. विळा चुलीत लाल करायचा आणि दुखत्या पोटावर बेंबीच्या बाजूला टेकवायचा. त्याच्या बापाने हेच केलं होतं. त्याबद्दल तो कुणाकडून काही घेत नसे, फक्त जेवून जायचा. येसाजीला त्याने डागलं, धर्माजीला डागलं. दोघांच्याही पोटावर डागाच्या खाली पुढे कठीण गोळा आला होता. भागोजी म्हणे, रोग आतून वर आला, आता भाईर पडंल. तो बाहेर पडण्याआधी माणूसच बाहेर पडला.

स्वातंत्र्य आलं त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात मनुबाईचं पोट बिघडलं. चार-आठ दिवसांची हगवण असेल, दुसरं काही नाही. पण ती टेंगळ्यांच्या घरची. तिचा नवरा बुधाजी घाबरला आणि होडी घालून भागोजीमामाला घेऊन आला. मनुबाईने पदराचा बोळा तोंडात धरला आणि विळा पोटावर घेतला. हगवण थांबली. भागोजीने भाकरी, सुकट खाल्ली आणि तो गेला.

पुढच्या मीठवणीला, मिठाच्या हंगामात, डागाच्या खाली हरभऱ्याएवढं काही हाताला लागलं. त्याच्या पुढच्या वर्षी ते कैरीएवढं झालं. त्याच साली बांध बांधताना बुधाजीला पान लागलं, सापच डसला, आणि तो खाजणातच आडवा झाला. पोरगी राही तेव्हा आठ-नऊ वर्षांची. मनुबाई दहाव्याचं करून मिठागरावर परत आली. गाठ वाढत होती, आणि विधवेचं पोट पुढे आलेलं गावाला दिसत होतं.

बाया काय गप्प बसतात? कोंडीवर मीठ ओढणाऱ्यांत केसर नावाची एक तोंडाळ बाई होती, तिने एक दिवस सगळ्यांच्या देखत विचारलं, "मनुबाय, कितवा म्हयना गो?"

मनुबाईने पाटी डोक्यावर चढवली, चुंबळ नीट केली आणि म्हणाली, "तेरावा. हत्तीन व्यायची हाय. बारशाला ये, पन पाळना घरून आन, आमच्यात मावनार नाय."

बाया हसल्या आणि केसरही हसली. पुढे तीच केसर मनुबाईच्या पाट्या पोटाला लागू नयेत म्हणून मागून उचलून द्यायला लागली. पण गावकीतल्या म्हाताऱ्यांनी एका सुईणीला घरी पाठवलंच. सुईणीने पोट चाचपलं आणि बाहेर जाऊन सांगितलं की यात पोर नाही, दगड आहे. गावाचं समाधान झालं. दगडाचं काय करायचं ते मात्र कुणी सांगितलं नाही.

सदू तेव्हा मुंबईला गोदीत हमाली करायचा. त्याने बहिणीला मोऱ्याच्या बंदरातून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरवून घेतलं आणि मोठ्या इस्पितळात नेलं. तिथले डॉक्टर तळपदे, बारीक अंगाचे, चष्मेवाले, हळू बोलणारे. त्यांनी गाठ कापून काढली. मनुबाई घरी आली, पावसाळा काढला, सरळ चालायला लागली. नवीन मीठ धरेपर्यंत गाठ त्याच जागी परत आली, पहिल्यापेक्षा मोठी.

मग परत लाँच, परत धक्का, परत सदूच्या खोलीच्या पडवीला झोपणं, परत तळपदे. दुसऱ्यांदा कापली. परत आली. मग विजेचा शेक दिला. एका थंडगार खोलीत मोठ्या यंत्राखाली एकटीला झोपवायचे आणि दार लावून सगळे बाहेर जायचे. पोटाची कातडी काळी पडून सोलवटली, अगदी भागोजीच्या डागासारखी. गाठ काही महिने रुसल्यागत बसली आणि मग पुन्हा उठली. तिसऱ्यांदा कापताना तळपद्यांनी आजूबाजूचं मांसही बरंच काढलं. जखम भरायला सगळा पावसाळा गेला, त्या साली मनुबाईची लावणी केसरने केली. आणि एवढं करून शिमग्याला शिवणीच्या बाजूला पुन्हा टणक लागलं.

मनुबाई त्या खेपेला तळपद्यांसमोर बसली तेव्हा रडली नाही की काही नाही. खूप चालून आलेलं माणूस ओट्यावर बसतं तशी बसली. डॉक्टरही तसेच बसले. मग ते म्हणाले, "मनुबाई, मी आता हिला हात लावणार नाही. कापलं की ही चवताळते. नाही छेडली तर हळू वाढेल, कदाचित थांबेलही."

"ह्ये आदी सांगायचं व्हतंत."

"आधी मला ठाऊक नव्हतं."

हे उत्तर मनुबाईला आवडलं. भागोजीमामाने असं कधी म्हटलं नव्हतं.

डॉक्टर त्या दिवशी पहिल्यांदाच गाठ सोडून तिच्या तोंडाकडे बघत होते. भुवईवरची टेंगळं त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिली आणि विचारलं, हे कधीपासून. मनुबाई म्हणाली, हे आमच्या घरचं कपाळ आहे. मग डॉक्टर एकेक विचारत गेले. बापाला होतं का? बाप कसा गेला? आत्या? भाऊ? पोटावर गाठी कुणाकुणाला होत्या? मनुबाई सांगत गेली आणि डॉक्टरांचा चेहरा पडत गेला. शेवटी ते म्हणाले की परदेशात अशी काही घराणी डॉक्टरांना सापडली आहेत. टेंगळं, गाठी आणि आतड्याचं दुखणं, तिन्ही एकाच मुळाची, आणि ते मूळ आईबापाकडून लेकरात उतरतं. सगळ्यांत उतरत नाही. ज्यांच्यात उतरतं त्यांच्या आतड्याला आतून कोंब येतात, मोड आलेल्या मटकीसारखे, आणि त्यातलाच एखादा कोंब पुढे माणसाला खातो. मिठाचा याच्याशी काही संबंध नाही.

त्यांनी नळीतून दिवा घालून मनुबाईचं आतडं पाहिलं. कोंब होते. ते आतडं काढून टाकायला हवं होतं, पण आत शिरायची वाट गाठीने अडवली होती. तिच्यातून कापत गेलं तर काय होईल ते दोघांनाही माहीत होतं. सदूलाही तपासलं. त्याचं आतडं कपाळासारखंच स्वच्छ निघालं. "तू सुटलास," डॉक्टर त्याला म्हणाले. सदू धक्क्यापर्यंत मान खाली घालून चालला. लहानपणी जसं टेंगूळ नाही म्हणून वाईट वाटायचं, तसंच त्याचं तोंड झालं होतं.

"लेक आहे ना तुम्हाला?" असं डॉक्टरांनी निघताना विचारलं होतं. मनुबाई म्हणाली, आहे. कपाळ? डॉक्टर म्हणाले. मनुबाईने आपल्या डाव्या भुवईवर बोट ठेवलं.

राही तेव्हा लग्न होऊन खाडीच्या वरच्या अंगाच्या गावात गेली होती. घर चांगलं, नवरा रघू कष्टाळू. त्या घरात जाऊन काय सांगायचं? की तुमच्या सुनेच्या पोटात मटकीला मोड आलेत? मनुबाईने दोन मीठवण्या ते मनातच ठेवलं. पोरगी धडधाकट आहे, तिच्यात उतरलंच असेल कशावरून, असं ती पाटीगणिक स्वतःला सांगे. सांगून सांगून दमली, पण खरं वाटलं नाही.

मग एक दिवस रघू मिठागरावर आला. म्हणाला, राहीला परसाकडे रगत पडतंय, आयेने भागोजीआजाला बोलवणं धाडलंय, आज येनार हाय. मनुबाईने अर्धी भरलेली पाटी तशीच कोंडीच्या कडेला ठेवली आणि बांधाबांधाने निघाली. जावई पुढे, ही मागे, डावीकडे कलत.

घरात शिरली तर चूल पेटलेली, विळा आत, पातं लाल झालेलं. राहीची सासू वेणूबाई चुलीत नारळाची सोडणं सारत होती. भागोजी पाटावर बसलेला. आता पार म्हातारा. राही भिंतीकडे तोंड करून चटईवर पडली होती आणि पदराचा बोळा तिने आधीच हातात धरला होता.

मनुबाईला धाप लागली होती. ती दारातच बसली, पाणी मागितलं, प्याली. मग म्हणाली, "मामा, इळा भाईर काढ."

"तापलाय आत्ता कुठं," भागोजी म्हणाला.

मनुबाई उठली, जावई बाहेर गेला ते बघितलं आणि लुगड्याची गाठ सैल करून पोट त्याच्या समोर धरलं. डाग, तीन शिवणी, शेकाने काळी पडलेली कातडी आणि या सगळ्याच्या खाली नारळाएवढी गाठ. "ह्यो तुझा डाग. हितं आयली. मंग डाक्तरनं कापली तर हितं आयली. त्यो शिकलेला, तू नाय शिकलेला, पन माज्या पोटाला दोगांचा हात सारकाच लागला. त्यानं आता सोडलं. तूबी सोड."

"मंग मी तुज्या बापाला मारला म्हनतेस?"

"बाप मरनारच व्हता, मामा. पन गाठ नसती तर निजून मेला असता. बसून मेला."

येसाजीला शेवटचे दिवस आडवं होता येत नव्हतं, हे भागोजीने पाहिलेलं होतं. मधे वेणूबाई बोलली. म्हणाली की असली खोट घरात होती तर आमच्या गळ्यात कशाला बांधलीत?

"कपाळ बघून नेलीस ना ईनबाय? झाकून नव्हती दिली."

भागोजीने विळा ओढून काढला आणि पाण्याच्या घंगाळात बुडवला. चर्र झालं, वाफ उठली. मग तो तसाच विळा हातात धरून बसून राहिला. "मंग मी आता काय करू?" म्हणाला.

"जेवून जा," मनुबाई म्हणाली.

वेणूबाईने तोंड वाकडं करून का होईना, त्याला वाढलं.

तळपद्यांनी राहीला नळी घालून पाहिलं आणि मनुबाईने जे मनात धरलं होतं तेच निघालं. डॉक्टरांनी राही, रघू आणि मनुबाई तिघांना समोर बसवलं. लपवलं काही नाही. मोठं आतडं बहुतेक सगळं काढून टाकलं तर ज्याने आजा गेला, मामा गेला ते दुखणं टळेल, असं म्हणाले. शेवटचा थोडा भाग ठेवावा लागेल, तो दरवर्षी येऊन तपासून घ्यायचा. पण पोट कापल्यावर शिवणीत गाठ येणारच नाही असं सांगता येत नाही. या घराण्यात येण्याचीच भीती जास्त. आली तर ती कापायची नाही, जन्मभर वागवायची. पुढे बाळंतपणातही ती चाळवेल. आणि काहीच केलं नाही तर गाठ कदाचित कधीच यायची नाही, पण चाळिशी दिसायची नाही.

"तुमी सांगा," रघू म्हणाला.

डॉक्टर म्हणाले, मी कापणारा माणूस आहे, मला विचाराल तर मी कापा म्हणेन. हिच्या आईच्या वेळीही तीनदा मी तेच म्हटलं होतं. आणि त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

राही आईकडे वळली. "आये, तुजी दुकते काय गो?"

इतकी वर्षं पोरीने विचारलं की मनुबाईचं उत्तर ठरलेलं होतं. नाय गो, काय दुकनार, मेलेलं मांस ते. तेच आताही तोंडापर्यंत आलं होतं. ते म्हटलं तर पोरगी हसत ऑपरेशनच्या टेबलावर चढेल, हेही तिला कळत होतं. पण उद्या गाठ आल्यावर हीच पोरगी त्याच चटईवर भिंतीकडे तोंड करून पडेल आणि म्हणेल, आये खोटं बोलली.

"दुकते," मनुबाई म्हणाली. "पावसाळ्यात जास्ती. उजव्या कुशीला निजता येत नाय. पाटी घेतली की आतून कुनी नखं लावल्यागत व्हतं. जेवन जात नाय पोटभर. लोक बगतात. सवय व्हते म्हनतात, ती व्हत नाय, आपनच दमतो. पन मी हाय. तुजा आजा नाय, तुजा धर्मामामा नाय. त्यांच्या जागेवर दुसऱ्यांनी मीठ व्हायलं. माजं मी व्हायलं."

राही डॉक्टरांना म्हणाली, "काढा."

तिला वॉर्डात नेल्यावर तळपदे मनुबाईजवळ आले. हळूच विचारलं, तुमचं कसं आहे, रक्त वगैरे? मनुबाईला दिवाळीपासून पडत होतं. "बरं हाय," ती म्हणाली. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं नाही. विचारून करणार काय होते? वाट तर बंदच होती.

राही जगली. पहिलं वर्ष तिचं परसाकडे जाण्यातच गेलं, वेणूबाईने टोमणे मारून मारून घराच्या मागेच आडोसा करून दिला. मग अंग धरलं, भाकरी पचायला लागली, ती लावणीला उभी राहिली. मनुबाई मात्र त्या साली मिठागरावर गेली नाही. घरातच बसून असायची, वाळलेली, पिवळी पडलेली. केसर येता-जाता सुकट नाहीतर पेज ठेवून जायची आणि विचारायची, हत्तीन व्याली की नाय अजून? मनुबाई म्हणायची, आता व्यायचीच हाय.

शिमग्याच्या आधी राही आईकडे आली. आल्या आल्या बसली नाही. लुगडं सैल केलं, आईचा हात धरला आणि शिवणीच्या खालच्या टोकाला, उजव्या अंगाला टेकवला. मनुबाईने बोटं फिरवली, चोहोबाजूंनी दाबलं. सुपारीएवढी होती, टणक, जागची न हलणारी. कितीतरी वर्षं हीच बोटं तिने स्वतःच्या पोटावर अशी फिरवली होती.

"आयली?" राहीने विचारलं.

"आयली."

राही खाली बसली. बाहेर कोंड्यांवर मीठ ओढायचा आवाज येत होता. मनुबाईला विचारायचं होतं, चुकलं का गो माजं? पण तेवढा दम नव्हता, आणि राहीनेही तसं काही म्हटलं नाही. ती म्हणाली की सासूला अजून सांगितलेलं नाही, पण रघूला माहीत आहे. आणि भागोजीआजा परवा वाटेत भेटला तर लांबूनच म्हणाला, मी नाय हात लावनार हां. दोघी हसल्या. मनुबाईला हसताना पोट धरावं लागलं.

मग तिने भिंतीला हात लावत लावत उठायला घेतलं. राही नको म्हणत होती तरी उठली. "उबी रा हितं," म्हणाली. पोरीच्या लुगड्याचा कासोटा सोडला, निऱ्या परत घेतल्या आणि कमरेची गाठ नेहमीच्या जागेवरून काढून डाव्या हाडावर, खूप खाली मारली.

"हितं बांदायची. उजवीकडे काय टोचता कामा नाय. आनि पाटी डोक्यावर घेतलीस की डावीकडे कल. लोक बोलतील. बोलू दे."

एवढं बोलून तिला धाप लागली आणि ती पुन्हा भिंतीला टेकून बसली. राहीने अंगणातली रिकामी पाटी उचलून डोक्यावर ठेवली आणि आईला दाखवायला म्हणून दारापर्यंत चालत गेली.

"अजून," मनुबाई म्हणाली. "अजून जरा कल."